वसंतराव, तुमची फुलांची फेरी

वसंतराव, आज तुम्हाला जाऊन अकरा दिवस झाले. काल लिफ्टमध्ये पलीकडच्या टॉवरमधल्या एका बाईंनी मला विचारलं, "अंकल, जो एक्सपायर हुए, वो कौन से फ्लोर पर थे?" सातवा, म्हणालो. त्या म्हणाल्या, "अच्छा, मैंने शायद कभी देखा नहीं।" त्यांचा काही दोष नाही. पण मला इतका राग आला की मी पाचव्यावरच उतरलो आणि उरलेले दोन मजले जिन्याने चढलो. वर येईपर्यंत धाप लागली. तुम्ही असतात तर दारात उभे राहून म्हणाला असतात, "काहून तापून राहिला सेक्रेटरी? बाईनं मजलाच तर विचारला ना बाप्पा."

मराठी मंडळाने तुमच्यावर चार शब्द लिहून मागितले आहेत. जन्म कुठला, कारखान्यात किती वर्षं, टूलरूममधून कधी निवृत्त झालात, असं सगळं लिहायला बसलो आणि दुसऱ्याच ओळीला पेन खाली ठेवलं. ती माहिती कारखान्याच्या जुन्या फायलींत आहे, कोणीही काढून घेईल. मला तुमच्याशी बोलायचं आहे. एक गोष्ट सांगायची राहिली आहे, आणि ती सांगायचं मी अकरा दिवस टाळतो आहे. आताही टाळणारच आहे थोडा वेळ. तुम्हाला माझी सवय ठाऊक आहे, सोसायटीच्या मीटिंगमध्येसुद्धा अवघड विषय मी शेवटी घ्यायचो.

तर आधी तुमच्या चोरीबद्दल.

गोविंदपुऱ्यातल्या आपल्या कॉलनीत चाळीस बैठी घरं होती, सगळी कारखान्यातल्याच लोकांची, आणि प्रत्येक घरापुढे हातभर का होईना बाग होती. पहाटे साडेपाचला तुम्ही निघायचात. एका हातात परडी, दुसऱ्या हातात ती काठी. काठीच्या टोकाचा आकडा तुम्ही टूलरूममध्ये भंगारातल्या सळईचा वळवलेला होता, आणि त्याला असं पॉलिश होतं की वर्कशॉपमध्ये घडवलेला कुठलाही जॉब लाजला असता. कंपाउंडच्या बाहेरूनच जास्वंद, तगर, कण्हेर ओढून घ्यायची. तुमचे नियमही होते. भिंतीबाहेर आलेल्या फांदीचीच फुलं घ्यायची. मालकाच्या देवासाठी निदान दोन शिल्लक ठेवायची. कळीला हात लावायचा नाही. मी नवा नवा राहायला आलो तेव्हा तुम्हाला रंगेहाथ पकडलं होतं, आठवतं? पुण्याहून आलेला, ताठ माणूस मी. म्हणालो, "अहो, विचारायची काही पद्धत?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "विचारायला बेल वाजवली तर तू उठशील, मग तुझी झोपमोड केल्याचं पाप लागेल. त्यापेक्षा चोरी बरी." आणि माझ्याच जास्वंदीचं एक फूल माझ्या हातावर ठेवून पुढे गेलात.

पुढे मलाही कळलं की आतून ओरडायचं असतं. फांदी हलली की घरातून आवाज यायचा, "कोण आहे?" आणि तुम्ही बाहेरून "मीच" म्हणायचात. तिवारीजी तर रोज नवा दम भरायचे, "पंडितजी, आज थाने में रपट लिखवाऊँगा!" तुम्ही पंडितजी नव्हतात आणि ते कधी ठाण्यात गेले नाहीत. चाळीस घरांत चाळीस आवाज. फेरी व्हायला पाऊण तास लागायचा आणि तुमची शुगर त्या पाऊण तासावर वर्षानुवर्षं जागच्या जागी होती. दवाखान्यातले डॉक्टर विचारायचे, "क्या खाते हो?" तुम्ही सांगायचात, "शिव्या."

एके दिवशी तिवारीजींच्या घरातून आवाज आला नाही. तुम्ही फांदी दोनदा हलवलीत, तिसऱ्यांदा हलवलीत, मग फाटकाची कडी वाजवलीत. दुसरा कोणी असता तर आयती फुलं मिळाली म्हणून पुढे गेला असता. तुम्ही परडी भिंतीवर ठेवून आत उडी मारलीत, साठी उलटलेली असताना. तिवारीजी घरात एकटेच, पलंगाशेजारी पडले होते, घाम फुटलेला, छाती धरलेली. माझ्या स्कूटरवर त्यांना मध्ये बसवून आपण दवाखान्यात नेलं. नंतर ते नऊ वर्षं जगले आणि नऊ वर्षं तुम्हाला रोज ठाण्याची धमकी देत राहिले. त्यांच्या बायकोने तुम्हाला राखी बांधायला सुरुवात केली ती त्या वर्षापासून.

मी हे सगळं बघितलं होतं, वसंतराव. म्हणूनच मला माफी नाही.

कॉलनी पाडून नवी बांधायची हा विषय मीच आणला. त्याची मला आजही लाज वाटत नाही, हे तुमच्यापुढे स्पष्ट सांगतो. पावसाळ्यात नालीचं पाणी स्वयंपाकघरात यायचं. भिंतींना पुरुषभर उंचीची ओल. माझ्या मंगलचा दमा त्या ओलीने असा बळावला होता की जुलै ते सप्टेंबर ती पलंगावर बसूनच झोपायची, पाठीला तीन उशा लावून. डॉक्टर म्हणाले, औषधं मी देतो, पण भिंतीला औषध नाही. मी त्या भिंती तीनदा खरवडल्या, चारदा रंगवल्या, आणि शेवटी हात टेकले. बिल्डर आला, नकाशे आले, सगळ्यांच्या सह्या झाल्या. तुमची तेवढी राहिली.

तुमच्याकडे मी किती वेळा आलो असेन. तुम्ही चहा द्यायचात आणि सही सोडून सगळ्या विषयांवर बोलायचात. शेवटी मी हुकमाचं पान काढलं. म्हणालो, "वसंतराव, तुमच्यासाठी नका करू. मंगलसाठी करा." तुम्ही उठलात. मग आतून चष्मा आणलात आणि विचारलंत, "खाली चालायला जागा राहील ना? मातीची? फुलझाडं राहतील ना?" मी नकाशा उलगडून दाखवला. त्यात हिरव्या रंगात वॉकिंग ट्रॅक होता, गार्डन होतं, झाडाखाली बाकावर बसलेले आजी-आजोबासुद्धा काढलेले होते. तुम्ही त्या आजोबांवर बोट ठेवून म्हणालात, "हा बसूनच आहे. हा मरेल लवकर." आणि सही केलीत.

मग अडीच वर्षं मिसरोदला भाड्याच्या घरांत काढली. तुम्ही एका गल्लीत, मी दुसऱ्या टोकाला, बाकीचे कुठे कुठे पांगलेले. सुशीलावहिनींनी तुमची साथ तिथेच सोडली. नव्या घराची वास्तुशांत त्यांना बघायची होती, ते राहिलंच. गेल्या वर्षी किल्ल्या मिळाल्या. आपण दोघांनी एकच मजला मागून घेतला, सातवा. तुम्ही लिफ्टच्या जवळ, मी टोकाला. येता-जाता तुमचं दार वाटेत लागावं म्हणून मला ते सोयीचं वाटलं होतं.

आणि घर चांगलं आहे हो. हे लिहायला हवं, नाहीतर तुमच्या नावाने मी खोटं रडगाणं गातो आहे असं होईल. कोरड्या भिंती, दोन्हीकडून वारा. गेल्या पावसाळ्यात मंगल आडवी होऊन झोपली. पहिल्या रात्री मी उठून तिचा श्वास ऐकत बसलो होतो, काही बिघडलं तर नाही ना म्हणून. सकाळी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुमचे डोळे भरून आले. तुम्ही म्हणालात, "चला, माझी सही फुकट नाही गेली." तुमच्या सहीवर माझी बायको श्वास घेते आहे, वसंतराव. हे ऋण मी तुमच्या हयातीत कधी बोलून दाखवलं नाही. आपल्यात तसं बोलायची रीत नव्हती.

पण खाली माती उरली नाही. गाड्या ठेवायला तळघर केलं आणि त्याच्या छतावर फरशी. फरशीवर सिमेंटच्या कुंड्यांत झाडं. झाडं छान होती, फुलंही यायची. तुम्ही पहिल्या आठवड्यातच काठी घेऊन उतरलात. आता ओरडणारं कोणी नव्हतं, कारण ती फुलं कोणाचीच नव्हती. ती सोसायटीची होती. नवीन फ्लॅट घेतलेल्या लोकांनी तक्रार केली की कोणी बुजुर्ग रोज गार्डन खराब करतात. मीटिंगमध्ये फोटो दाखवला. फोटोत तुमची पाठ होती. जुन्यांपैकी आम्ही पाच-सहा जण तिथे बसलो होतो, आणि कोणी म्हणालं नाही की हे वसंतराव आहेत. मीही नाही. मी सेक्रेटरी होतो. मी कागद ओढला आणि बोर्डाचा मजकूर लिहिला: "फूल तोड़ना मना है।" एक जण म्हणाला, इतने से कोई नहीं मानेगा, जुर्माना भी लिखिए. मी तेही लिहिलं. खाली सही केली.

मला वाटलं होतं, तुम्ही हसाल. बोर्डाखालीच फूल तोडून माझ्या हातावर ठेवाल. पण गेटवरच्या गार्डने तुम्हाला अडवलं आणि सांगितलं, "बाबूजी, हम क्या करें, सेक्रेटरी साहब का साइन है।" तुम्ही सही बघितलीत. चष्मा नव्हता, म्हणून बोर्डाजवळ जाऊन बघितलीत, असं त्या गार्डनेच मला नंतर सांगितलं. त्या दिवसापासून तुम्ही सकाळी खाली उतरणं बंद केलंत. मी विचारलं तर म्हणालात, "गुडघा दुखून राहिला." तुमचा गुडघा कधीच दुखत नव्हता.

फुलं मग दारात पुडीने यायला लागली. मी म्हटलं, सोय झाली की. तुम्ही म्हणालात, "देवाला चालतात विकतची. मला नाही चालत." सहा महिन्यांत तुमची शुगर कुठल्या कुठे गेली. गोळ्या वाढल्या, मग इंजेक्शन आलं. बिल्डरची माणसं व्हिडिओ काढायला आली होती, खुश रहिवाशांचा. त्यांनी तुम्हाला विचारलं, नया घर कैसा लगा? तुम्ही थोडा विचार करून सांगितलंत, "लिफ्ट अच्छी है।" त्यांनी अजून काही बोला म्हणून आग्रह केला, तर तुम्ही म्हणालात, "बहुत अच्छी है।" मंगल आणि मी कितीतरी दिवस ते आठवून हसायचो. आता ते आठवलं की ती स्वयंपाकघरात निघून जाते.

आपलं शेवटचं भांडण त्या लिफ्टपाशीच झालं. अश्विनीने नागपूरहून फोन करून मला सांगितलं होतं, "काका, बाबांना चालायला लावा ना, तुमचं ऐकतात." तुम्ही माझं कधी ऐकलंत? तरी मी पोरीला शब्द दिला. तुम्हाला म्हणालो, खाली जिम आहे, चालायचं मशीन आहे, पाऊस नाही, चिखल नाही, चला माझ्याबरोबर.

"तिथं कोणाकडे बघून चालू?" तुम्ही म्हणालात.

"चालायला कोणी लागतं का?"

"लागते राजा."

मी तिथे थांबायला हवं होतं. पण बोर्डाचं तुम्ही मला एका शब्दानेही बोलला नव्हतात, आणि ते न बोलणं मला आठ महिने खुपत होतं. माझा तोल गेला. म्हणालो, "तुम्हाला फुलांचं काही पडलेलं नव्हतं. तुम्हाला लोकांच्या घरांत डोकवायचं होतं. इथे लोकांना ते आवडत नाही. प्रत्येकाला आपलं दार बंद हवं असतं."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. चिडला नाहीत. "हो, डोकवायचंच होतं," म्हणालात. "तुला इतक्या वर्षांनी समजलं?" आणि आत गेलात. दार आपटलं नाहीत, हळूच लावलंत.

तीन दिवस आपण बोललो नाही. चौथ्या दिवशी अकरा वाजता तुमच्याकडे काम करणारी रजनी माझ्या दारात धावत आली, "अंकल, बाबूजी खोल नहीं रहे।" अश्विनीने तुमच्या घराची दुसरी किल्ली माझ्याकडे ठेवलेली होती, देवघराच्या खणात. मी दार उघडलं. तुम्ही ओट्याखाली पडलेले होतात. डोळे उघडे होते, उजवं अंग गेलेलं होतं. तुम्ही मला ओळखलंत. काही बोलायचा प्रयत्न केलात, ते मला समजलं नाही. लिफ्ट खरंच चांगली आहे, स्ट्रेचर मावलं.

हॉस्पिटलमध्ये तरुण डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "कितने बजे हुआ?" मेंदूत रक्ताची गाठ अडकल्यावर पहिल्या काही तासांतच देता येतं असं एक इंजेक्शन असतं म्हणे. मी म्हणालो, पता नहीं. ते म्हणाले, सुबह किसी ने देखा था? मी म्हणालो, नहीं. त्यांनी घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, "जल्दी लाते तो," आणि पुढच्या पेशंटकडे वळले. तुम्ही चार दिवस काढलेत आणि गेलात.

आता ती गोष्ट, जी टाळत होतो.

त्या दिवशी सकाळी साडेसातला मी दूध आणायला... नाही, खोटं कशाला, दूध तर दारातच येतं. मी पेपर आणायला निघालो होतो. तुमच्या दाराला दुधाची पिशवी लटकलेली होती. सहाला दूध येतं आणि सहा वाजून पाच मिनिटांनी ते तुमच्या गॅसवर असतं, हे मला माझ्या जेवणाच्या वेळेइतकं पाठ आहे. मी थांबलो. माझा हात बेलवर गेला होता, वसंतराव. बोट टेकलंही होतं. मग मला माझंच वाक्य आठवलं, प्रत्येकाला आपलं दार बंद हवं असतं. मनात आलं, बेल वाजवली तर म्हणतील, काय सेक्रेटरी, आता तू डोकवायला लागला? त्या एका वाक्याची मला इतकी भीती वाटली की मी हात मागे घेतला. झोपले असतील, म्हटलं. झोपू दे. खाली गेलो, पेपर घेतला, वर येताना पिशवी तशीच होती. पुन्हा गेलो नाही. साडेसात ते अकरा. किल्ली माझ्या खणात होती.

तुम्ही तिवारीजींची फांदी तीनदा हलवली होतीत.

मंगल म्हणते, तुम्ही साडेसातच्या आधी कधी पडलात कोणाला ठाऊक. असेलही. मी डॉक्टरांना पुन्हा जाऊन विचारलेलं नाही. विचारण्याची हिंमत नाही असं नाही, पण उत्तर काहीही आलं तरी मी बेल वाजवली नव्हती, हे बदलत नाही. कॉलनी पाडल्याने तुम्ही गेलात असंही मी म्हणणार नाही. ते म्हणणं मला फार सोपं जाईल. बिल्डरने माती काढून नेली, ओल घालवली, लिफ्ट दिली. माझा हात त्याने धरला नव्हता.

परवा संध्याकाळी अश्विनी तुमच्या गॅलरीत कपडे घडी करत होती. तिने सहज विचारलं, "काका, बाबांचं दूध तर सहाला यायचं ना? ते दाराला तसंच राहिलं असेल. कोणाला दिसलं नाही का?" मी म्हणालो, "नाही गं. इथे कोणी कोणाच्या दाराकडे बघत नाही." ती म्हणाली, "हो ना. तरी तुम्ही होतात, म्हणून मला काळजी नसायची," आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिलो. तोच हात.

मंडळाला मी हा कागद देणार नाही. त्यांना जन्म, नोकरी आणि निवृत्ती असलेली एक पानभर माहिती लिहून देतो. हा कागद अश्विनीचा आहे. परवा तेरावा आहे, त्यानंतर ती नागपूरला जाईल. त्याआधी तिच्या हातात देईन आणि ती वाचेपर्यंत बाहेर पॅसेजमध्ये उभा राहीन. तिला रडू आलं तर रडेल, मला शिव्या घातल्या तर मी ऐकून घेईन. कदाचित काहीच न बोलता दार लावून घेईल. तसं झालं तर वसंतराव, मी बेल वाजवीन. ती उघडेपर्यंत वाजवत राहीन.